पनवेलमधून निघणारे शब्द
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘सॉफ्टवेअरवर काहीतरी बोल’ असं मला सांगण्यात आलं होतं. मी शब्दखेळावर बोलणार आहे. माझं सॉफ्टवेअर तिथूनच सुरू झालं आणि त्यातली एक उधारी अजून फेडायची आहे.

सहलीच्या एसटीत आपण भेंड्या लावायचो. कुणावर ‘ळ’ आला की भांडण ठरलेलं, कारण ‘ळ’वरून आपला शब्द सुरूच होत नाही. मग ‘ल’वर तडजोड. इंग्रजी शब्दखेळात असा छळ ‘क्यू’ करतो. स्क्रॅबल हा खेळ १९३०च्या दशकात आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदानं तयार केला. मंदीत त्याचं काम गेलं होतं. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्यानं वर्तमानपत्राच्या पानांवर मोजलं. म्हणून १०० सोंगट्यांत ‘ई’ १२ आहेत, प्रत्येकी एका गुणाच्या. आणि ‘क्यू’ एकच, १० गुणांची. ‘क्यू’ हातात आला आणि ‘यू’ नसला तर उपयोगी पडतात ते आपल्याच ओळखीचे शब्द: फकीर, तलाक. इंग्रजीत ते ‘क्यू’ लावूनही लिहितात आणि खेळात चालतात.

आता आठवीचा तो मोकळा तास आठवा. आपलं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं, त्यामुळे धाकधूक कायमची. सरांनी फळ्यावर इंग्रजीत ‘पनवेल’ लिहिलं आणि त्यातल्या अक्षरांचे शब्द करायला सांगितले. आपण पेन, व्हॅन, प्लॅन इथवर पोचलो. माझ्या शेजारी बसणारीनं मात्र पाच अक्षरी शब्दांची रांगच लावली: पॅनेल, पीनल, प्लेन, नेव्हल, व्हीनल. ‘नेव्हल म्हणजे बेंबी’ असं तिनं सांगितल्यावर वर्ग किती हसला होता!

मधल्या सुट्टीत तिनं मला तिची वही दाखवली. वाचनालयातल्या शब्दकोशातून उतरवलेले शब्द, पण लावले होते वेगळ्याच रीतीनं. प्रत्येक शब्दाची अक्षरं ती आधी एबीसीडीच्या क्रमानं लावायची आणि तो क्रम पानाच्या डोक्यावर लिहायची. ‘ए, ई, टी’च्या पानावर ईट, टी आणि एट. ‘ए, ई, एल, एन, पी’च्या पानावर पॅनेल, पीनल आणि प्लेन. पाच वेगवेगळ्या अक्षरांच्या १२० रचना होतात. तिला त्या करून बघाव्याच लागत नव्हत्या. अक्षरं क्रमानं लावायची आणि एक पान उघडायचं. पनवेलची सहा अक्षरं असतील तर एकेक अक्षर गाळायचं. ‘व्ही’ गाळला की पॅनेलचं पान, ‘पी’ गाळला की नेव्हलचं.

२००२ साली कॉलेजात नोकरीची मुलाखत होती. प्रश्न आला: शब्दांची मोठी यादी दिली, तर एकाच अक्षरांपासून बनलेले शब्द एकत्र कसे काढाल? माझ्या डोळ्यांसमोर ती वही आली. मी फळ्यावर तीच रीत मांडली. पुढं कळलं की संगणकशास्त्रात ही रीत सर्वमान्य आहे. समोरच्यांनी विचारलं, ‘हे तुम्हाला कसं सुचलं?’ मी म्हणाले, ‘सुचलं.’ नोकरी मिळाली.

ती मात्र दहावीनंतर शिकली नाही. घरची परिस्थिती तशी होती. मी शिकले, गाव सोडलं आणि तिची चौकशीही केली नाही. ‘सुचलं’ हा शब्द मात्र मनात टोचत राहिला.

आज स्क्रॅबलच्या स्पर्धांतल्या शब्दयादीत पावणेतीन लाखांवर शब्द आहेत. संगणक त्यातून ‘क्यू आहे, यू नाही’ असे शब्द क्षणात काढतो. असा एक छोटा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला आहे. तो यादी देतो, पण नेव्हल ऐकून हसत नाही.

मागच्या वर्षी आपल्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. त्यात रोज सकाळी कुणीतरी वर्डलचे हिरवे-पिवळे चौकोन टाकू लागलं. पाच अक्षरी शब्द, सहा संधी. आणि हिचा बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या संधीत सुटलेला. मी ओळखलं. फोन केला आणि आधी वहीचं विचारलं.

‘वही होय? लग्नाच्या आधी रद्दीत गेली गं.’

मग मी मुलाखतीची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, ‘म्हणजे मी ती नापास नव्हते झाले.’

मला उत्तर देता आलं नाही. आज देते. ती मुलाखत तू पास झाली होतीस. मी फक्त तिथं बसले होते.

नाव घ्यायचं नाही, अशी तिची अट आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आता माझ्यावर डोळे वटारते आहे. तुम्ही सगळे तिला ओळखता. चहाच्या वेळी तिच्यासमोर एखादा शब्द टाकून बघा. फक्त पैज लावू नका.