हातांनी वाचलेले सत्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज फोंड्यात जमलो आहोत, त्यांनी आपणांस शब्द वाचायला शिकविले. मी आज देह वाचणाऱ्या हातांविषयी बोलणार आहे. माझा अधिकार वैद्यकाचा नाही. तो एका धाकट्या भावाचा आहे.

डिचोलीच्या आमच्या घरी थोरल्या बंधूंचे पोट फुगू लागले, तेव्हा एक वृद्ध डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला, तळहातांची लाली पाहिली, छातीवरच्या कोळ्याच्या आकाराच्या बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या. मग पोटावर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकले. उताणे असताना कुशीपाशी बद्द येणारा नाद, बंधू दुसऱ्या अंगावर वळताच पोकळ झाला. आतले पाणी सरकले होते.

‘‘किती घेतात?’’ त्यांनी विचारले.

‘‘सणासुदीला थोडी फेणी,’’ मी उत्तरलो.

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी बंधूंचा तळहात पुन्हा एकदा पाहिला. जन्मभर शब्द शिकविणारा मी खोटे बोललो होतो; तो हात खोटे बोलत नव्हता.

चरकसंहितेने उदररोगाचे आठ प्रकार सांगितले, त्यांत जलोदर आहे. ठोकून तपासण्याची पद्धत व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर यांनी १७६१ साली प्रसिद्ध केली. ते खानावळवाल्याचे पुत्र. वडील मद्याची पिंपे ठोकून पाहत, त्यावरून ही युक्ती सुचली असे सांगतात. पिंपाची परीक्षा पिणाऱ्याच्या पोटाला लागू पडावी, हा केवढा दैवदुर्विलास! अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली ऑस्टिओपॅथीचे विद्यालय काढले. यकृताच्या विकारात पाठीच्या कण्याच्या उजव्या बाजूचे स्नायू ताठरतात, असे त्या पंथाचे चिकित्सक मानतात. अर्थात केवळ पाठ चाचपून निदान होत नाही. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लागतेच.

यकृताचा प्रत्येक रुग्ण मद्यपी नसतो, हेही सांगितले पाहिजे. ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ किंवा यकृतात साठलेली चरबी यांनीही तेच घडते. पण यकृत दीर्घकाळ मूक असते. ही चिन्हे उमटतात, तोवर बहुधा उशीर झालेला असतो. आमच्या बंधूंच्या बाबतीत तसेच झाले.

विद्यार्थ्यांनो, घरातले असे दुखणे लाजेपोटी झाकू नका. डॉक्टरांच्या हातांना सत्य शोधावे लागण्यापूर्वी ते आपल्या तोंडून निघू द्या. गुरुजींनी शिकविलेल्या शब्दांचे याहून मोठे सार्थक मला दिसत नाही.