चलन एक, ठेवी वेगळ्या



पदवीदान समारंभात पाहुण्याने स्वप्नांविषयी बोलायचा रिवाज आहे. मी एटीएमच्या रांगेविषयी बोलणार आहे.

जून २०१५ च्या अखेरीस ग्रीसमधल्या बँकांना टाळं लागलं, ते तीन आठवडे. कार्डावर दिवसाला ६० युरो मिळायचे. पण अनेक यंत्रांतल्या वीसच्या नोटा संपल्या आणि हातात पडायचे पन्नासच. ज्या पेन्शनरांकडे कार्डच नव्हतं, त्यांच्यासाठी काही शाखा उघडाव्या लागल्या. त्याच दिवसांत जर्मनीतला खातेदार हवे तेवढे युरो काढत होता. नोट तीच, पण अथेन्सच्या खात्यातला युरो म्युनिकच्या खात्यातल्या युरोइतका खरा राहिला नव्हता.

कारण बँक आणि तिचं सरकार एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बुडतात. आयर्लंडने सप्टेंबर २००८ मध्ये आपल्या बँकांची हमी घेतली आणि २०१० मध्ये सरकारवरच मदत मागायची वेळ आली. ग्रीसमध्ये उलटं घडलं. २०१२ मध्ये सरकारी रोख्यांच्या दर्शनी किमतीत निम्म्याहून अधिक कपात झाली आणि ते रोखे बाळगणाऱ्या ग्रीक बँकांचं भांडवल धुऊन निघालं.

यावर उतारा म्हणून नोव्हेंबर २०१४ पासून मोठ्या बँकांची देखरेख युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे गेली. सामायिक ठेव विम्याचा प्रस्ताव मात्र २०१५ पासून लोंबकळतो आहे. शेजाऱ्याच्या बुडीत बँकेसाठी आमच्या बचतदाराने का भरावं, असं जर्मनी विचारतो. प्रश्न रास्त आहे. पण तो चलन एक करण्याआधी विचारायचा होता, असं माझं मत.

आपल्याकडे १९६० मध्ये केरळची पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. १ जानेवारी १९६२ ला देशभर एकच ठेव विमा सुरू झाला, माणशी १,५०० रुपयांचा. विदर्भाचे पैसे केरळला का, असा वाद त्यावर पेटला नाही. म्हणून आपण फार मिशा पिळायचं कारण नाही. २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला खात्यातून जेमतेम १,००० रुपये काढता येत होते, हे मुंबईकरांना सांगायला नको.

आता युरोपात डिजिटल युरोची तयारी चालू आहे. तो थेट मध्यवर्ती बँकेचं देणं असेल, म्हणजे अथेन्स आणि म्युनिकमधला माणूस पैन् पै सारखाच युरो बाळगेल. व्यापारी बँकांना धास्ती आहे ती याचीच: अडचणीच्या दिवशी लोक ठेवी मोडून तिकडे धावतील. म्हणून माणशी किती डिजिटल युरो ठेवू द्यायचे यावर मर्यादा घालण्याचं घाटतं आहे. ती मर्यादा किती ठरते, त्यावर नजर ठेवा.