ठेकेदाराचा ‘उद्या’ आणि आमची वही

आम्ही दोघी जावा, उचगावच्या. आज बोलायचं आहे ते जुनं घर दुरुस्त करून विकताना आमची जी पळापळ झाली त्याबद्दल. आम्ही काही या धंद्यातल्या नाही. आयुष्यात एकदाच हे केलं. पण त्या एका वेळेनं जे शिकवलं, ते तुमच्या कामी यावं एवढीच इच्छा.

आमच्या मामंजींनी बांधलेलं घर गावठाणात होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब. मामंजी गेले, आत्ती आमच्याकडे राहायला आल्या आणि ते घर बंद पडलं. विकायचं ठरलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक २४ लाख म्हणालं. स्लॅबला ओल, शहाबादी फरशी उखडलेली, मोरीचा वास. शेजारी म्हणाले, जरा नीट करा, पाच-सात लाख जास्त येतील. उचगावात घराला मागणी असतेच. एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, हायवे हाताशी, गोकुळ शिरगाव आणि शिरोली एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना गाव सोयीचं.

ठेकेदारानं अंदाज दिला ३ लाख ६० हजारांचा आणि मुदत दिली गुढीपाडव्याची. ते साल २०२४. काम २० फेब्रुवारीला सुरू, पाडवा ९ एप्रिलला. म्हणजे पन्नास दिवसही नाहीत. आम्ही दोघींनी आपापलं सोनं ठेवून ३ लाख उचलले, महिना एक टक्क्यानं. म्हणजे काम होवो न होवो, महिन्याला ३ हजार जाणारच. बाकीचे पैसे घरातल्या साठवणीतले.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. ठेकेदारानं १ लाख २० हजारांची उचल मागितली आणि आम्ही एकरकमी दिली. कागदावर काही नाही. पंधरा दिवस माणसं वेळेवर आली. जुनं प्लास्टर खरवडलं, फरशी उपटली, मधली कपाटाची अर्धी भिंत काढली. घर पार उघडं पडलं आणि मग माणसं येईनाशी झाली. फोन केला की एकच उत्तर, “वहिनी, उद्या सकाळी माणसं पाठवतो बघा.” त्याचं शहरात दुसरं मोठं काम निघालं होतं. आमची उचल तिकडच्या मालात गेली असणार, हे कळायला आम्हाला महिना लागला.

धाकटीनं मग एक वही घातली. रोज संध्याकाळी लिहायचं: आज गवंडी किती, बिगारी किती, काय काम झालं, सिमेंटची पोती किती आली, किती वापरली. काम बंद असेल तर का बंद, तेही. भांडायला पुरावा हवा म्हणून ती वही घातली होती, हे खरं सांगतो.

मे संपताना आम्ही हिशेब केला. काम एकूण ४६ दिवस बंद होतं. त्यातले २४ दिवस ठेकेदाराचे. ९ दिवस कुणाचेच नाहीत: चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, ७ मे रोजी लोकसभेचं मतदान. गवंडी विजापूरकडचे, त्यांच्याकडेही त्याच दिवशी मतदान, ते गावी गेले. आणि उरलेले १३ दिवस? ते आमचे होते.

सहा दिवस फरशीचा रंग ठरेना म्हणून गेले. दोन दिवस ओटा एकदा बांधून उंची बदलायला लावली म्हणून. आणि पाच दिवस वन्संमुळे. वन्सं बेळगावला असतात. घराची भिंत पाडली हे त्यांना गावातल्या बाईकडून कळलं. त्यांनी फोन करून सांगितलं, “माझ्या बापाचं घर आहे, मला विचारल्याशिवाय एक वीट हलवायची नाही.” आम्हाला तेव्हा राग आला. सोनं आमचं, राबतोय आम्ही आणि बोलणार या! पण आत्तींनी एवढंच विचारलं, “तिला विचारलं होतं का गं?” विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, इथं नीट ऐका. मामंजींनी स्वतः कमावलेलं घर आणि मृत्युपत्र नाही, तर कायद्यानं वारस चार: आत्ती, दोन मुलगे आणि मुलगी. चौघांचा हिस्सा सारखा. लेक सासरी गेली म्हणून तिचा हिस्सा जात नाही. तिच्या सहीशिवाय खरेदीखत होणार नाही. पण सहीची गरज म्हणून नव्हे, आधी विचारायला हवं होतं म्हणून आम्ही दोघी बेळगावला गेलो आणि चुकलं म्हणालो. तिथंच एका कागदावर लिहिलं: विक्रीतून आधी सोन्याचं कर्ज, व्याज आणि दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, उरलेल्याचे चार समान भाग. चौघांच्या सह्या झाल्या. त्यानंतर वन्सं रोज फोन करून विचारायच्या, “आज गवंडी आले का?”

मग ठेकेदाराला घरी बोलावलं. चहा दिला आणि वही त्याच्यापुढं ठेवली. आधी आमचे १३ दिवस वाचून दाखवले, मग त्याचे २४. तो मान खाली घालून बसला. म्हणाला, “वहिनी, उचल तिकडं गुंतली, माणसांचा पगार थकलाय, म्हणून ती येईनात.” भांडून महिनाभर जे कळलं नाही, ते एका चहात कळलं. त्या दिवशी चार गोष्टी कागदावर आल्या, त्या तुम्ही पहिल्या दिवशीच लिहा.

एक, कामाचे टप्पे. गच्ची, नळ आणि वायरिंग, प्लास्टर, फरशी, रंग. टप्पा पुरा झाला, बघितला, की त्याचे पैसे. पुढची उचल एका आठवड्याच्या मजुरीहून जास्त नाही.

दोन, माप. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि प्लास्टरचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एकच, माप वेगळं. दारं-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही, हे आधीच ठरवा. शेवटी वाद तिथंच होतो.

तीन, माल कोण आणणार. मजुरीचा ठेका असेल तर माल आपण वेळेवर द्यायचा. फरशी, नळ, रंग सगळं काम सुरू होण्याआधी ठरवून ठेवा. गवंडी दारात उभा असताना रंग ठरवू नये.

चार, थोडी रक्कम शेवटपर्यंत हातात ठेवायची. आम्ही ३० हजार ठेवले, एक पाऊस बघून द्यायचे म्हणून. ते ठेवले नसते तर पुढचं निस्तरताना आम्ही रडलो असतो.

कारण दुसरी चूक अजून बाहेर यायची होती. गच्चीचं काम आधी करायला हवं होतं, ते मागं ठेवलं. ठेकेदार म्हणाला, आतलं आवरून घेऊ, वरचं नंतर. जूनचे पहिले दोन पाऊस झाले आणि नव्या पुट्टीवर पोपडे आले. पुट्टी आणि रंग परत करायला ३८ हजार गेले. पाणी नेहमी वरून खाली येतं, म्हणून कामही वरून खाली करायचं. आधी गच्चीचा कोबा, मग तिथं पाणी साठवून दोन-तीन दिवस बघायचं. मोरीचंही तसंच: पाइप टाकले की पाणी सोडून तपासायचे, मगच फरशी. आणि प्लास्टरला आठवडाभर तरी पाणी मारायचं. ते काम बिगाऱ्यावर सोडू नका, आम्ही दोघी आळीपाळीनं सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभ्या राहायचो.

त्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. आमच्या घरापर्यंत पाणी आलं नाही, पण भिंती वाळेनात. ओल्या भिंतीवर रंग द्यायचा नाही, म्हणून थांबलो. हा उशीर मात्र शहाणपणाचा होता. रंगाला वेगळा माणूस लावला आणि गणपती बसायच्या आत घर पुरं झालं. पन्नास दिवसांचं काम साडेसहा महिने चाललं.

पितृपक्षात कुणी घर बघायला आलं नाही. दसऱ्याला सौदा ठरला, साडेतीस लाखांना. घेणारे एमआयडीसीत काम करणारे. त्यांनी विचारलं काय? पाणी किती वेळ येतं, गच्ची गळते का, गाडी कुठं लावायची, कागद नीट आहेत का. छताला पीओपी करा म्हणून मागं लागलेल्यांचं आम्ही ऐकलं नाही, ते बरंच झालं. वारस नोंद आम्ही काम चालू असतानाच करून घेतली होती, म्हणून सौदा अडला नाही. तुम्हीही कागद आधी बघा. भिंत पाडायची किंवा खोली वाढवायची असेल तर परवानगी लागते का, हेही हातोडा मारायच्या आधी विचारा.

खरेदी त्यांनी बायकोच्या नावावर केली. बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पूर्वी १५ वर्षं ते घर पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये निघाली. त्यांचे साडेतीस हजार वाचले. आणि दुरुस्तीच्या पावत्या फेकू नका. घर विकून होणाऱ्या नफ्यावर कर बसतो, तेव्हा तो खर्च दाखवता येतो. सीएला विचारून घ्या.

आता खरा हिशेब. २४ चे साडेतीस झाले, म्हणजे साडेसहा लाख वाढले. दुरुस्तीला ४ लाख ७२ हजार गेले, नऊ महिन्यांचं व्याज २७ हजार. हातात राहिले १ लाख ५१ हजार. चौघांत वाटले तर प्रत्येकी सुमारे ३८ हजार. म्हणून कुणी “जरा नीट करा, पाच-सात लाख जास्त येतील” म्हणालं, तर वहीत खर्चाचंही पान घाला. वेळेत झालं असतं तर आणखी पन्नास-पंचावन्न हजार तरी वाचले असते.

सोनं दिवाळीच्या आधी घरी आलं. आत्तींना त्यांचा हिस्सा त्यांच्याच खात्यावर दिला. बँकेचं पासबुक हातात घेऊन त्या म्हणाल्या, “घर गेलं, पण लेकीचा फोन रोज यायला लागला.” त्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही ते लिहून ठेवलं आहे.