‘मी गेलो’ लिहिणाऱ्या मुली

(ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी येथे बचत गटातल्या बाया, अंगणवाडी ताई आणि शिक्षिका यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी निबंधावर बोलणार आहे. बचत गटाच्या बैठकीत निबंध कशाला, असं काहीजणींच्या चेहऱ्यावर दिसतंयच. पेपर, मार्क, निबंध ही शाळेची कामं, ती सरांनी-बाईंनी बघावीत. आपल्यापुढे रेशन आहे, रोजगार हमीची मजुरी आहे, दारू आहे. मलाही आधी तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर रविवारचा वर्ग मी सुरू केला तो मुलींना भेटायला निमित्त हवं म्हणून. मुलींची बैठक म्हटली की घरचे पाठवत नाहीत. दहावीच्या पेपरची तयारी म्हटली की पाठवतात, वर विचारतात, ‘ताई, फी किती?’

पहिल्या रविवारी चौदा मुली आल्या. मी म्हटलं, पावसावर लिहा, जे येईल ते. अर्ध्या तासाने वह्या गोळा केल्या. पहिल्या वहीत होतं, ‘मी गॅलरीत उभा होतो. आईने गरमागरम भजी आणून दिली.’ लिहिणारी मुलगी पत्र्याच्या घरात राहते, गॅलरी तिने टीव्हीत पाहिलेली. मी विचारलं, ‘अगं, तू उभा होतो?’ ती हसायला लागली. म्हणाली, ‘ताई, पुस्तकात तसंच हाय.’ पुढच्या वह्या उघडल्या. निम्म्याहून जास्त मुली ‘होतो’, ‘गेलो’, ‘पाहिलो’ अशाच होत्या. गाईडातला निबंध मुलाने लिहिलेला असतो, मुली तो तसाच पाठ करतात, आणि पाठ करताना आपण कोण आहोत हे कुठल्या कुठे जातं.

इंग्रजीत ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांत फरक नाही. आपल्या मराठीत ‘मी’ म्हणून भूतकाळातलं असं वाक्य सुरू केलं की शेवटाला आपण बाई की पुरुष हे बहुधा सांगावंच लागतं. म्हणजे भाषेनेच मुलीला जागा दिलेली आहे आणि मुलगी ती जागा सोडून देते. तेही आठ मार्कांसाठी. (सध्याच्या दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक यांतलं एक लिहायचं असतं आणि त्याला ८ गुण असतात.)

यात मुलींना हसण्यासारखं काही नाही. मीही शाळेत ‘मी पंतप्रधान झालो तर’ असाच निबंध लिहिला होता आणि मला चांगले मार्क पडले होते. वर्गापुढे वाचूनही दाखवला होता. बाईंना खटकलं नाही, मैत्रिणींना खटकलं नाही. पंतप्रधान म्हणजे ‘झालो’च असणार, असं आम्हा सगळ्यांना वाटत असावं. त्या वेळी इंदिरा गांधी होऊन गेलेल्या होत्या, तरीसुद्धा.

क्रियापद बदलणं सोपं असतं. दुसऱ्या रविवारी सगळ्याजणी ‘गेले’ लिहायला लागल्या. पण बाकीचा निबंध तोच: तीच गॅलरी, तीच भजी. मग आम्ही ‘माझी आई’ घेतला. चौदाच्या चौदा आया पहाटे उठतात, मायेचा सागर असतात, कधी थकत नाहीत, कधी रागावत नाहीत. मी म्हटलं, आता घरी जा आणि आईला विचारा, आज किती वाजता उठलीस, झोपेपर्यंत काय काय केलंस. नुसती यादी करून आणा.

त्या याद्या मी तुम्हाला दाखवायला हव्या होत्या. का आणल्या नाहीत ते पुढे सांगते. त्यात पाणी होतं, जनावराचं शेण होतं, सोयाबीनची काढणी होती, किलोवर कापूस वेचणं होतं. गुडघे होते. बऱ्याच जणींच्या यादीत ‘बाबांचा डबा’ होता आणि ‘आईचं जेवण’ कुठेच नव्हतं. आई कधी जेवली हे विचारल्यावर मुलींना आठवेना. एका मुलीने लिहिलं, ‘माझी आई थकते.’ त्या एका वाक्यावर वर्गात अर्धा तास भांडण झालं. हे पेपरात लिहायचं की नाही? एक म्हणाली, लिहिलं तर तपासणाऱ्याला वाटेल हिला आई आवडत नाही. दुसरी म्हणाली, थकते तरी उठते, हे लिहिलं तर जास्त मार्क पडतील. मी गप्प बसले होते. इतके दिवस शिबिरांतून घरकामाच्या मोलावर आम्ही जी मांडणी करत आलो, ती या पोरी मार्कांच्या हिशोबात करत होत्या.

आणखी एकीचा निबंध असा सुरू होत होता की दिवाळीनंतर आई घरी नसते. आपल्याकडून, पालम-गंगाखेडकडून किती घरं उसाला जातात ते तुम्हाला मी काय सांगू. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, आणि नवरा-बायको मिळून हिशोबात धरतात एक कोयता. बाई पहाटे उठून स्वयंपाक करून फडात येते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि हिशोबात ती अर्धी. या मुलीने आत्मकथनात ‘मी कोयता बोलतोय’ लिहिलं. कोयता पुल्लिंगी, तेव्हा ‘बोलतोय’ बरोबरच. त्यात कोयता विचारतो, दोघं मिळून जर मी एकटा, तर माझी मूठ कुणाच्या हातात धरायची? मुलगी नववीपर्यंत हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीकडे राहून शिकलेली. गाईडात ‘शेतकऱ्याचे मनोगत’ असतं, ‘सैनिकाचे मनोगत’ असतं. ऊसतोडणी करणाऱ्या बाईचं मनोगत मी तरी पाहिलेलं नाही.

आत्मकथन हा प्रकार मुलींना फार मानवतो, हे मी तिथे शिकले. स्वतःचं नाव घेऊन जे सांगता येत नाही ते घागर सांगते, शिलाई मशीन सांगते, एस.टी. सांगते. ‘मी एस.टी. बोलतेय’मध्ये एकीने लिहिलं होतं की माझ्यात बसायला मुलींना पास फुकट आहे, पण मागच्या सीटवरची पोरं उतरेपर्यंत मुली उभ्याच राहतात.

आता थोडं जुनं सांगते, कारण ‘मुलींनी असलं कुठं लिहायचं असतं का’ असं आपल्याला ऐकवतात. मराठी निबंध म्हटलं की मास्तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सांगतात. ती सुरू झाली १८७४ साली. त्याच्या एकोणीस वर्षं आधी, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ‘ज्ञानोदय’मध्ये एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला होता. मुक्ता साळवे, मांग समाजातली, वय चौदाच्या आसपास, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. विषय मांग-महारांचं दुःख. वेद आमचे नाहीत म्हणता, तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न तिने विचारला. पेशवाईत आपल्या लोकांचे झालेले हाल लिहिले. आणि आपल्या जातीच्या बाईला बाळंतपणात डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हेही लिहिलं. बाळंतपण हा निबंधाचा विषय होऊ शकतो, हे कुठल्या गाईडाने तिला शिकवलं नव्हतं. ताराबाई शिंदे तर आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या. १८८२ चं त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हाही निबंधच. आणि आपल्या गंगाखेडच्या जनाबाईने दळण-कांडण अभंगात आणलं, ते तर सातशे वर्षांपूर्वी. तेव्हा आमच्या पोरी नवीन काही करत नाहीत.

मुक्ताचा निबंध मी वर्गात वाचून दाखवला. एकीने विचारलं, ‘तिला किती मार्क पडले?’

शिक्षिका इथे बसल्या आहेत, त्यांच्याबद्दलही बोलायला पाहिजे. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, अभ्यासक्रम संपवायचा, निकालाची टक्केवारी वर द्यायची. गाईड फेका असं मी म्हणत नाही. आधी म्हणत होते. पण जिला ३५ गुणांचाच प्रश्न आहे, जिला जोडाक्षर लिहिताना घाम येतो, तिला पाठ केलेला एक निबंध म्हणजे आधाराची काठी असते. ती काढून घ्यायचा मला अधिकार नाही. मी एवढंच करते की तो निबंध तिला ‘गेले’ करून पाठ करायला लावते, आणि त्यात दोन वाक्यं तिच्या घरची घालायला सांगते. बाकीच्या मुली आधी जोडीने बोलतात. एक सांगते, दुसरी ऐकते आणि जिथे कंटाळा येईल तिथे थांबवते. मग पंचवीस मिनिटं लावून लिहायचं. तीन-चार परिच्छेद, शेवटी वाचायला तीन मिनिटं राखून ठेवायची. यात मोठं शास्त्र काही नाही.

लाल शाईबद्दल मात्र माझं भांडण आहे. मुलीने ‘माय’ लिहिलं की ते खोडून वर ‘आई’ लिहिलं जातं. शुद्धलेखन दुरुस्त करा, ऱ्हस्व-दीर्घ दाखवा, पण ‘माय’ हा चुकीचा शब्द नाही. तिच्या घरात ज्या बाईला ती हाक मारते तिचं ते नाव आहे. ते खोडलं की पुढच्या वेळी मुलगी गॅलरीत उभी राहते.

आता माझ्या हातून काय झालं ते.

वर्गातल्या एका मुलीने ‘मी पाहिलेला साखरपुडा’ असा प्रसंग लिहिला. साखरपुडा तिच्याच मोठ्या बहिणीचा, वय सोळा. पाहुणे मोजून किती, कुणी काय खाल्लं, बहीण आत कशी बसली होती, आणि शेवटी चुलत्याचं वाक्य: धाकटीचंही याच मांडवात उरकून टाकू. धाकटी म्हणजे लिहिणारी. निबंध इतका नीट होता की मी हरखून गेले. महिन्याभराने बायांची बैठक होती. तिथे बालविवाहावर बोलताना मी तो वाचून दाखवला. नाव सांगितलं नाही. मला वाटलं, नाव नाही म्हणजे झालं. मैत्रिणींनो, समाजकार्याची पदवी घेताना गोपनीयतेवर मी पानंच्या पानं लिहिली होती. पण गावात नाव लागत नाही. साखरपुड्याला पेढे कुठले होते यावरून घर ओळखलं जातं. बैठकीत तिची मामी होती.

संध्याकाळी वडिलांनी वही फाडली. ‘घरातलं गाऱ्हाणं वहीत कशाला?’ मुलीचा वर्ग बंद झाला. शाळाही पंधरा दिवस बंद झाली. मी घरी गेले तर मला चहा दिला आणि मुलीला बाहेर येऊ दिलं नाही. ग्रामसेवक हे गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना भेटलो, १०९८ ला फोन केला. बहिणीचं लग्न पुढे ढकललं गेलं; मोडलं नाही. धाकटीच्या मांडवाची भाषा बंद झाली. ती परीक्षेला बसली, कारण वर्गशिक्षिका तिच्या आजीकडे तीनदा जाऊन आल्या. त्या बाई आज इथे आहेत, त्यांचं नाव घ्यायचं नाही असं त्यांनीच सांगितलंय.

पेपर झाल्यावर ती मला बसस्टँडवर भेटली. मी विचारलं, काय लिहिलंस? म्हणाली, ‘झाडाचं लिहिलं ताई. पाठ होतं.’ थोडं थांबून म्हणाली, ‘होतो लिहिलं.’

झाड पुल्लिंगी नाही, नपुंसकलिंगी आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

दुसरी एक मुलगी मात्र वेगळं बोलली. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो आणि बारकोड. पत्रातसुद्धा स्वतःचं नाव घालायचं नसतं. ती म्हणाली, ‘ताई, आपल्याला खरं लिहायला ती एकच जागा हाय. तिथं मामी नसती.’ तिने त्या पेपरात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. कुणीतरी अनोळखी मास्तर लांबच्या गावात बसून ते वाचणार, मार्क देणार आणि गठ्ठा बांधणार. त्याने तिचं लग्न थांबणार नाही हे तिलाही कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायांमध्ये ४८ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्याचा आकडा २२ च्या आसपास. म्हणजे माझ्या चौदा मुलींच्या वर्गात सहा-सात जणी. मी कधीकधी बाकावरून नजर फिरवताना मोजते. मोजू नये असं वाटतं, तरी मोजते.

यंदाच्या वर्गात नियम मुलींनीच केलेत. लिहिणारीला विचारल्याशिवाय कुणी मोठ्याने वाचायचं नाही. हो म्हणाली तरी तिच्या गावात वाचायचं नाही. नियम सांगून झाल्यावर एकीने माझ्याकडे बघून म्हटलं, ‘ताई, तुम्हीसुद्धा.’ म्हणून त्या याद्या आज इथे नाहीत, आणि जे सांगितलं त्यातलं काही मी मुद्दाम बदललं आहे.

दुसरा नियम, वह्या घरी न्यायच्या नाहीत. पण मग ठेवायच्या कुठे? समाजमंदिराच्या खोलीला कडी आहे, कुलूप नाही. माझ्या पिशवीत नेल्या तर मुलींना हव्या तेव्हा मिळत नाहीत. मला तुमच्याकडून एक पत्र्याचं कपाट हवंय, जुनं चालेल, आणि ते ठेवायला अंगणवाडीत दोन फूट जागा. किल्ल्या दोन. एक अंगणवाडी ताईकडे राहील, दुसरी मुलींकडे.