गाडीचं साल विचारा, पण सांगाडा बघा: जुनी एसटी, जुनी ट्रॅव्हलर आणि चाकावरचं घर

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा नेटपॅक संपलाय, त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथे लिहून देतोय. बोलण्यातले अडखळे तेवढे काढलेत.)

आजचा विषय आपल्या परतूरकडच्या एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आलाय. तो म्हणतो, "दादा, आई-बाबांना घेऊन पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर असं फिरायचंय. बाबांना गुडघ्याचा त्रास, लॉजचे जिने चढवत नाहीत. म्हणून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत झोपायची, स्वयंपाकाची सोय करायची आहे. दोन गाड्या बघितल्यात. एक २०११ ची, चार लाखांना. दुसरी २०१४ ची, साडेपाच लाखांना. आणि एक जण म्हणतोय, ट्रॅव्हलर कशाला, एसटीची जुनी बॉडी घे, ती दणकट असते. काय करू?"

चार-साडेचार लाख म्हणजे त्याची सगळी साठवण. त्यामुळे हा प्रश्न गमतीचा नाही. नीट बघू.

आधी एसटी, कारण सालांचा फरक तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली. बेडफर्डची चासी होती आणि वरची बॉडी लाकडाची. त्या वेळी आपला जालना एसटीच्या नकाशात नव्हताच, आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. तिकडे निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्येच २७ बस घेऊन सेवा सुरू केली होती. त्यातली एक अल्बियन बस हैदराबादेत अजून जपून ठेवलीय. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि मग आपणही एसटीवाले झालो.

लाकडी सांगाड्याचा फायदा असा की गावातला सुतारसुद्धा दुरुस्त करू शकायचा. तोटा सांगायला नको. पावसाने लाकूड फुगतं, सांधे सैल होतात, आणि अपघातात फळ्यांचे तुकडे होतात.

नंतर आला ॲल्युमिनियमचा काळ. आपण ज्या "लाल डब्ब्या"तून शाळा-कॉलेजला गेलो, तो हाच. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं. गाडी हलकी, म्हणजे डिझेलची बचत. लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. सगळं रिवेटने जोडलेलं, त्यामुळे एक पत्रा फाटला तर रिवेट उडवायचे, नवा पत्रा ठोकायचा, झालं.

पण हेच रिवेट तिचं दुखणंही होतं. आपल्याकडच्या खड्ड्यांतून रोज शेकडो किलोमीटर गेल्यावर रिवेटची भोकं हळूहळू मोठी होतात. मग खिडकी वाजते, पत्रा वाजतो, सीट वाजते. एसटी का खडखडते याचं उत्तर इंजिनापेक्षा तिथे जास्त आहे. दुसरं, ॲल्युमिनियम जिथे लोखंडाला टेकतं आणि मध्ये पाणी मुरतं, तिथे ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसते, बघितली असेल तुम्ही. आणि तिसरं सगळ्यात वाईट: गाडी उलटली किंवा बाजूने घासली की पत्रा कागदासारखा फाटतो आणि त्याच्या कडा माणसाला कापतात.

म्हणून अलीकडच्या वर्षांत महामंडळाने माइल्ड स्टीलच्या बॉडी बांधायला घेतल्या. जुन्या पण चांगल्या चासीवरची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून स्टीलची चढवली. स्टीलचे चौकोनी पाइप वेल्डिंगने जोडले की एक पिंजरा तयार होतो. धडक बसली तर तो वाकतो, पण ॲल्युमिनियमसारखा फाटत नाही. वजन वाढतं, ते मान्य. पण आत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने सौदा बरा आहे.

आता गंमत बघा. एसटीची ही कामं तीन ठिकाणी होतात: पुण्याजवळ दापोडी, आपल्या शेजारी चिकलठाणा, आणि नागपूरला हिंगणा. त्यामुळे नंबर प्लेटवरून बऱ्याचदा गाडीचं माहेर कळतं. एमएच-१४ असेल तर दापोडी, एमएच-२० असेल तर चिकलठाणा, एमएच-४० असेल तर हिंगणा. उद्या जालन्याच्या स्टँडवर उभे राहा आणि बघा, अंबड-जाफराबादच्या गाड्यांमध्ये एमएच-२१ शोधत बसाल, पण दिसतील या तीनच जास्त.

यातून शिकायचं काय? एकाच सालाची चासी, पण बॉडी वेगळ्या सालाची असू शकते. आरसीवर जे साल आहे ते चासीचं. तुम्ही ज्यात झोपणार आहात, ती बॉडी कधी बांधली, कोणी बांधली, हे आरसी सांगत नाही.

मग एसटीची बॉडी घ्यावी का?

चालवायला? नाही. सरळ नाही. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्याने होत नाही, आणि त्यात राज्य परिवहन महामंडळांच्या बसही आल्या. त्या भंगारातच जायच्या. शेतात उभी करून खोली म्हणून वापरायची, रस्त्याकडेला चहाचं हॉटेल टाकायचं, तो वेगळा विषय. पण तिच्यात आई-बाबांना बसवून पंढरपूर? जो कोणी "कागद मी बघतो" म्हणतोय, त्याला लांबूनच नमस्कार करा.

आता ट्रॅव्हलर

आपण सगळ्याच छोट्या मालगाड्यांना "टेम्पो" म्हणतो, तो शब्द जर्मन कंपनीच्या नावावरून आला. १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली, मग मॅटाडोर आली, आणि १९८७ मध्ये ट्रॅव्हलर. ती मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण लोकांच्या तोंडी अजून "टेम्पो ट्रॅव्हलर"च.

एसटी आणि ट्रॅव्हलर यांच्या बांधणीत फरक आहे. एसटीत चासी वेगळी, बॉडी वेगळी बांधून वर बसवलेली. ट्रॅव्हलरची बॉडी कारखान्यातूनच दाबलेल्या पत्र्याची, वेल्डिंगची येते. म्हणजे रिवेटची खडखड नाही. पण गंज लागला तर तो आतून लागतो. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साचतं, बाहेरून रंग चकाचक, आणि आत पत्रा जाळी झालेला.

म्हणून २०११ विरुद्ध २०१४ ही तुलना अर्धीच आहे. दुसरा अर्धा प्रश्न: गाडी कुठे राबली? रत्नागिरी-सिंधुदुर्गात, एमएच-०८ किंवा एमएच-०७ च्या खाऱ्या हवेत आणि तिथल्या पावसात दहा वर्षं काढलेली २०१४ ची गाडी, आणि आपल्या कोरड्या मराठवाड्यात शेडमध्ये उभी राहिलेली २०११ ची गाडी, यात तीन वर्षांनी लहान असलेलीच जास्त म्हातारी निघू शकते.

बघायला जाल तेव्हा

मोबाइलचा टॉर्च आणि एक साधं लोहचुंबक खिशात ठेवा. दोन तास द्या. मालक घाई करत असेल तर चहा पिऊन परत या.

एक, चुंबक दाराच्या खालच्या कडेने, चाकांच्या कमानीवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

दोन, पायरी आणि दाराच्या खालची पाणी जायची छोटी भोकं बघा. ती रंगाने किंवा चिखलाने बुजली असतील तर पाणी आतच मुरलंय.

तीन, आतलं मॅट उचला. लॉजसारखं चकचकीत नवं मॅट असेल तर जरूर उचला. फळी बोटाने दाबा, भुसा निघाला तर वरून पाणी गळतंय.

चार, गाडी सपाट जागी उभी करा आणि मागून दहा पावलं लांब जाऊन बघा. एका बाजूला झुकलीय का? पाटे बसले असतील तर दुरुस्ती होते. सांगाडा वाकला असेल तर सोडून द्या.

पाच, चासीवरचा नंबर आरसीशी जुळवा, त्याचा फोटो घ्या. आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं. विकणारा पासिंगचं साल सांगतो, तुम्ही बनल्याचं साल वाचा. आणि एमपरिवहन ॲपवर विमा, फिटनेस, कर्जाचा बोजा बघा.

खरी अडचण कागदाची

इथे लक्ष द्या, कारण इथेच साठवण बुडते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही, ज्याने आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. सीट काढून पलंग, वर पाण्याची टाकी, मागे ओटा, हा बदलच आहे. आरटीओची मंजुरी नसेल तर दंड होतोच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. वजनाचाही हिशोब करा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. तेवढं टपावर ठेवलं तर वळणावर गाडी कलते.

तर परतूरच्या भावा, माझं मत असं

एसटीची बॉडी विसर. दोन ट्रॅव्हलरपैकी जिचा खालचा पत्रा निरोगी, ती घे, साल काहीही असो. पण एक लक्षात ठेव: २०११ ची गाडी २०२६ मध्ये १५ वर्षांची होते, त्यानंतर फिटनेस आणि नोंदणीचा खर्च नि धावपळ वाढते. तो खर्च चार लाखांत धरूनच तुलना कर. पैसे देण्याआधी जालन्याच्या आरटीओत जाऊन बदलाबद्दल लेखी विचार. तोंडी "होऊन जाईल" चालणार नाही.

आणि लेखी नकार आला तर? सीट तशाच ठेव. मागे घडीची खाट, गादी, बाबांसाठी एक रुंद लाकडी पायरी, कॅनमध्ये पाणी. गाडीला एक भोकही पाडावं लागत नाही. रात्री मठात नाहीतर भक्तनिवासात तळमजल्यावर खोली घ्यायची. किंवा २०२१ पासून राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आहे, परवानगी असलेली गाडी आठ दिवस भाड्याने घेऊन बघ. आई-बाबांना चाकावर झोप लागते का, हे साडेपाच लाख घालण्याआधी कळलेलं बरं. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना नाही लागत.

चला मंडळी, आजचं एवढंच. तुमच्या गावात एसटीच्या जुन्या बॉडीचं हॉटेल असेल तर फोटो पाठवा, आतली रिवेट दिसतील असा काढा. आणि घरात कोणी जुनी गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर हा भाग त्यांना आजच पाठवा, टोकन द्यायच्या आधी. भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम!