लंडनमध्ये जन्मला, तरी परका

मित्रांनो, 'प्रेशर' या पिक्चरबद्दल बोलायचंय. दिग्दर्शक होरेस ओव्हे, त्रिनिदादचा माणूस. ब्रिटनमधल्या काळ्या दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट.

यातला टोनी लंडनचाच पोरगा. शाळा शिकला, इंग्रजी फर्डं बोलतो. आईबाप अन् थोरला भाऊ कॉलिन त्रिनिदादहून आलेले. आईला वाटतं, पोरगा नीट वागला की गोरे नोकरी देतील. टोनी नीटच वागतो. पण मुलाखतीला गेला की कातडी आधी दिसते, सर्टिफिकीट नंतर. कॉलिन म्हणतो, चळवळीत ये. तिथं सभा भरते, अन् पोलीस घुसून झोडपतात. ज्यानं सगळ्या अटी पाळल्या, त्यालाही दाराबाहेरच ठेवलं. मग अटी कशासाठी होत्या?

पैसा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा. पिक्चर १९७५ साली तयार झाला; पोलिसांचा मार दाखवला म्हणून काही वर्षं डब्यातच राहिला. २०२३ साली त्याच संस्थेनं जुनी प्रत दुरुस्त करून पुन्हा पडद्यावर आणली. ओव्हे त्याच वर्षी गेला.

फिल्म दुरुस्त होते, दोस्तहो. टोनीसारख्यांच्या हुकलेल्या नोकऱ्या, खाल्लेले दंडुके कोण दुरुस्त करणार? पिक्चर बघा, अन् टाळ्या वाजवण्याआधी हा सवाल विचारा.