सागरातील सांधा

जबलपूरहून वाहत जाणारी आपली नर्मदा ज्या अरबी समुद्रास मिळते, त्याच समुद्रात मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’चे पोलादी मंच उभे आहेत. तेथे १९७४ साली तेल सापडले.

अशा मंचाची खरी कसोटी खांबांपेक्षा सांध्यांत लागते. लाटांच्या लक्षावधी हेलकाव्यांचा ताण वेल्डिंगच्या कडेशी एकवटतो. तेथे केसाएवढी चीर पडली, की खारे पाणी तिला वाढीस लावते.

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तरंगता मंच उलटला. २१२ पैकी १२३ माणसे दगावली. अनर्थाचे मूळ होते पाण्याखालील ध्वनी टिपणाऱ्या उपकरणाच्या बैठकीचे, अवघ्या ६ मिलिमीटरचे वेल्डिंग! तेथून चिरत गेलेली एक आडवी नळी तुटली, पाठोपाठ इतर तुटल्या आणि मंचाचा एक पायच निखळला.

म्हणून आम्ही अभियंते कोणताही जोड किरकोळ मानीत नाही. तो ताणापासून दूर ठेवावा, त्याची कड घासून गुळगुळीत करावी, तपासणाऱ्याचा हात तेथवर पोहोचावा. आणि एक सांधा तुटलाच, तर उरलेल्यांनी भार पेलावा, एवढी तजवीज आधीच असावी. त्या तजविजीवरच माणसांचे प्राण अवलंबून असतात.